सात नंबरची हजेरी

३ मार्च, सोमवार

ऑफिसच्या नोंदवहीत लिहिलं: "सात नंबर सकाळी १०.४२ ते १२.०५ संपर्काबाहेर. कारण शोधत आहे." नोंदवहीत एवढंच लिहायचं असतं. मला रडू आलं, मी टेबलाला लाथ मारली, लाथ मलाच लागली, हे तिथे लिहिता येत नाही. म्हणून ही दुसरी वही. थोरले म्हणायचे, डोकं चालेनासं झालं की हात चालव. तर चालवते.

आमचा विभाग दोन माणसांचा. अख्ख्या हॉस्पिटलमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवायचे, हे काम. थोरल्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं, त्यातली शेवटची चौदा मी त्यांच्या हाताखाली. ते थोरले, मी धाकटी. खरी नावं पगारपत्रकातच उरली होती. ऑक्टोबरमध्ये ते रिटायर झाले आणि मी प्रभारी प्रमुख झाले. प्रमुख कोणाची, ते विचारू नये. विभागात मी एकटीच आहे.

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो. तो लांबलचक असतो, पण आम्ही शेवटचा आकडाच बोलतो. एक नंबर, दोन नंबर, असे साठ. गेल्या सोमवारी लॅबच्या रिपोर्टसाठी नवीन मशीन आलं. आता रक्ताचे, लघवीचे सगळे रिपोर्ट त्यावरून वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जातात. हॉस्पिटलातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन, म्हणून मी त्याला सात नंबर दिला. सात थोरल्यांच्या मशीनचा नंबर होता. त्यांच्यामागे रिकामाच पडला होता. म्हटलं, मानाचं मशीन, मानाचा नंबर.

त्या दिवसापासून रोज पावणेअकराच्या सुमाराला वॉर्डावॉर्डातल्या पडद्यांवर एकच पाटी येते: "होस्ट अनरिचेबल". म्हणजे ज्याला हाक मारताय त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. बाराच्या सुमाराला आपोआप सगळं ठीक. मशीन त्या वेळात चालूच असतं. मी समोर उभी असते, ते माझ्याकडे बघत असतं.

लॅबबाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, म्हणाल्या, "तुझं मशीन रोज पावणेअकराला रुसतं बघ. कोणी काही बोललं का त्याला?"

५ मार्च, बुधवार

आज पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारायची. ते जिवंत असेल तर "ओ" देतं. पावणेअकराला सात नंबरला हाक मारली. ओ आली! स्वच्छ, लगेच. आणि त्याच क्षणी शेजारच्या खिडकीत रिपोर्टचा प्रोग्राम म्हणतोय, होस्ट अनरिचेबल.

घरात माणूस आहे, हाकेला ओ देतोय, आणि दार उघडत नाही. असं कसं?

केबल बदलली. स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा, त्यातली जागा बदलली. काही फरक नाही.

६ मार्च, गुरुवार

मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. मशीनला नेटवर्कशी जोडणारं कार्ड बदलून गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, आता वर्षभर बघायला नको." तो जिना उतरेपर्यंत पावणेअकरा झाले. पुढचं लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार बिघाड नाही. मी शनिवारी मुद्दाम आले होते, खुर्ची ओढून मशीनसमोर बसले होते. काही नाही. आज सोमवार, १०.४० ला हजर!

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याला कशाचाही तक्ता करायची खोड आहे. सकाळच्या चहाला त्याने माझ्या नोंदी घेतल्या आणि तारीख-वार मांडल्या. मग पेन्सिल कानाला लावून म्हणाला, "पहिल्या शनिवारी आला, दुसऱ्या शनिवारी नाही. दुसऱ्या शनिवारी तुमच्या ऑफिसला सुट्टी असते ना?"

"ऑफिसला असते. हॉस्पिटलला नसते."

"मग हा बिघाड ऑफिसात आहे. वेळेवर येतो, रविवार पाळतो, दुसऱ्या शनिवारची रजा घेतो. हा बिघाड नाही गं, कारकून आहे."

हसले, पण मुद्दा पटला. ऑफिसच्या वेळेत चालू होणारं काहीतरी गोंधळ घालतंय. प्रशासनाच्या मजल्यावर अकरा कॉम्प्युटर आहेत. उद्यापासून ते.

११ मार्च, मंगळवार

१०.४० ला प्रशासनाच्या मजल्यावर जाऊन एकेक कॉम्प्युटर बंद करायला लावला. पगारवाल्या बाईंनी अशी नजर टाकली की माझा या महिन्याचा पगार गेलाच समजायचा. अकराही बंद केले. बिघाड तसाच. म्हणजे कारकून त्या अकरांतला नाही.

मागच्या फाटकातून बाहेर पडले तर तिथला पहारेकरी म्हणाला, "तुमच्या खात्याची माणसं वेळेची पक्की हो. घड्याळ लावावं." माझं कौतुक करणारा या आठवड्यातला हा पहिलाच. बरं वाटलं.

संध्याकाळी सहाला शेवटी थोरल्यांना फोन केला. आजवर केला नव्हता. पाच महिन्यांत एकदाही नाही. मला दाखवायचं होतं की मला जमतं. शिवाय त्यांचा आवाज ऐकला की 'परत या' म्हणेन अशी भीती होती.

"बोल, धाकटे," ते म्हणाले, जणू मी दुपारीच भेटले होते. सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"ओ कोण देतंय ते बघितलंस का?"

"सात नंबर देतोय."

"तसं नव्हे. नंबर आपण दिलेला असतो, तो कोणीही लावेल. कार्डाचा नंबर बघ. तो कारखान्यातून कोरून येतो, तो खोटं बोलत नाही. नाव ऐकू नकोस, आवाज ओळख."

मी म्हटलं, बघते. मग त्यांनी विचारलं, "हजेरी घेतेस ना रोज?" थोरल्यांची ही जुनी रीत. रोज सकाळी अकराच्या आत सुरुवात करून एक ते साठ सगळ्यांना एकेक हाक मारायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. मी सांगितलं, आता एक प्रोग्राम ते आपोआप करतो.

"आपोआप!" ते म्हणाले. "आपोआप फक्त धूळ बसते." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "कार्डाचा नंबर बघ. नाव ऐकू नकोस, आवाज ओळख." लाइन खराब असावी, मघाचं बोलणं मला ऐकू गेलं नाही असं त्यांना वाटलं असणार. फोन ठेवताना म्हणाले, "जाऊ दे, उद्या ऑफिसात आलो की बघू."

"या ना," मी म्हटलं. "तुमची खुर्ची आहेच." दोघंही हसलो. माणसाची थट्टेची सवय जात नाही. फार फार बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सकाळी वहिनींचा फोन, म्हणजे थोरल्यांच्या बायकोचा. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाल्या, "एक सांगू का गं? त्यांना जरा लवकर सोडत जा. हल्ली फार दमतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल फोनवर चाळीस मिनिटं खाल्ली होती मी त्यांची. म्हटलं, "चुकलं वहिनी. पुन्हा नाही असं करणार."

"अगं, चुकलं कसलं! तुम्ही त्यांची आठवण ठेवलीत, तेच केवढं आहे. घरी बसले होते तेव्हा नुसते खिडकीतून बघत राहायचे. आता माणसात आलेत."

एका फोनने एवढा फरक? मग पाच महिने मी काय करत होते? स्वतःची लाज वाटली.

त्यांनी सांगितलेला कार्डाचा नंबर बघायचा राहिला. आधी प्रशासनाच्या मजल्यावरचा स्विच बदलायचा ठरवलाय. मला त्याचाच संशय आहे.

१४ मार्च, शुक्रवार

गेला! बिघाड गेला! काल स्विच बदलला आणि काल-आज दोन्ही दिवस पाटी नाही. एक मिनिटही नाही. लॅबबाईंनी मला मिठी मारली, आणि लॅबबाई मिठी मारणाऱ्यातल्या नाहीत.

थोरल्यांना सांगावं म्हणून फोन केला, वहिनींनी उचलला. त्यांना कालपासून ताप आहे, झोपलेत. "मीच तुला कळवणार होते, पण म्हटलं तुला कामात कशाला त्रास. सोमवारपर्यंत होतील उभे."

"घाई नाही वहिनी, आराम करू दे त्यांना. इकडे सगळं छान चाललंय."

ही बातमी ऐकून त्यांना बरं वाटेल. स्विच होता हो थोरले, स्विच!

१७ मार्च, सोमवार

स्विच नव्हता.

१०.४१ ला पाटी. आणि आज नुसती पाटी नाही. थिएटरमध्ये एक बाई टेबलावर होती, तिच्या रक्तातल्या क्षारांचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढे जाता येईना. रिपोर्ट तयार होऊन माझ्या सात नंबरवर पडलेला, आणि थिएटरच्या पडद्यावर होस्ट अनरिचेबल. फोनवर आकडे सांगून चालत नाहीत, कागद लागतो. लॅबबाई स्वतः कागद घेऊन तीन जिने धावत चढल्या. त्यांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. बाई वाचली, ऑपरेशन नीट झालं. बाहेर आल्यावर सर्जन सगळ्यांदेखत म्हणाले, "नेटवर्कपेक्षा यांचे गुडघे भरवशाचे."

दुपारी प्रशासकांनी बोलावलं. ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत. चोवीस तारखेला मला कारण लेखी हवं आणि बिघाड गेलेला हवा. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. तुम्हाला आम्ही सामावून घेऊ कुठेतरी. भांडारात वगैरे."

भांडारात. चादरी मोजायला.

चौदा वर्षं मला एकच गोष्ट येते. तीच येत नाही असं आता ठरणार. मला खरंच काही कळेनासं झालंय. जे तपासते ते ठीक निघतं, आणि सगळं मिळून चालत नाही.

१८ मार्च, मंगळवार

शेवटी ऐकलं त्यांचं. पावणेअकराला पाटी आल्यावर सात नंबरला हाक मारली, आणि ओ देणाऱ्याच्या कार्डाचा नंबर बघितला.

तो रिपोर्टच्या मशीनचा नाहीच!

दुसरंच कोणीतरी मशीन स्वतःला सात म्हणवून घेतंय. ते चालू झालं की वॉर्डातले कॉम्प्युटर हाका त्यालाच मारतात. त्याच्याकडे बिचाऱ्याकडे कुठले रिपोर्ट? ते दार उघडत नाही. म्हणून ओ येते आणि आत जाता येत नाही. पहिल्या दिवशी तपासायची गोष्ट, मी पंधरा दिवस केबली बदलत बसले. का, तर सात रिकामा असल्याची मला खात्री होती. मीच तो रिकामा केला होता.

आता ते कार्ड कोणाचं? नोंदवहीत प्रत्येक मशीनपुढे कार्डाचा नंबर लिहिलेला असतो. साठही ओळी ताडून बघितल्या. एकही जुळत नाही. एकच ओळ वाचता येत नाही, सात नंबरची जुनी ओळ. थोरल्यांच्या निरोप समारंभाहून परत आले होते तेव्हा मी ती खोडली. एक रेघ मारून भागलं असतं. मी जाड पेनाने काळं करत सुटले होते, पान फाटेपर्यंत. का, ते मला सांगता येत नाही. राग आला होता, ते गेले म्हणून.

पण ते मशीन तर भंगारात गेलं. भंगाराच्या यादीवर माझीच सही आहे.

१९ मार्च, बुधवार

दुपारी चार. क्रमाने लिहिते.

सकाळी पाटी आल्याबरोबर स्विचेसच्या खोलीत जाऊन त्या कार्डाची वाट शोधली. ती एका जुन्या वायरीत शिरत होती, जिच्यावर चिठ्ठी नव्हती. तिच्या मागे निघाले. जिना, मग खालचा जिना, मग तळघर. कपडे धुण्याच्या विभागाशेजारचा बोळ. गरम वाफ, साबणाचा वास. सप्टेंबरपर्यंत आमचा विभाग इथेच होता. मग आम्हाला वरच्या मजल्यावर रंगवलेली खोली मिळाली आणि मी इकडे पाऊल टाकलं नाही. धुणाऱ्या मावशी चादरींची गाडी ढकलत येत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज तुम्हीपण का? मला वाटलं साहेब एकटेच बसतात."

आमच्या जुन्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता. आतून आवाज.

"सहा... हजर. सात... मी. हजर. आठ... हजर."

दार ढकललं. भंगाराची गाडी इथवर आलीच नसावी. सगळं होतं तसंच. थोरले त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या मशीनसमोर, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर आम्ही निरोपाला दिलेलं घड्याळ. शेजारी जेवणाचा डबा. समोर वही.

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "उशीर झाला तुला, धाकटे. आठ झाले. नऊ तू घे."

मला वाटलं विचारावं, तुम्ही इथे काय करताय. पण चौदा वर्षांची सवय आधी हलली. मी स्टूल ओढलं, नऊला हाक मारली, ओ आली. "हजर," मी म्हटलं. त्यांनी बरोबरची खूण केली. साठपर्यंत आम्ही तसेच गेलो. त्यांच्या बोटांना सगळं येत होतं. एकदाही चुकले नाहीत.

साठनंतर त्यांनी एकसष्टला हाक मारली. ही त्यांची रीत. यादी संपली की पुढच्याला एक हाक मारायचीच, कोणी न सांगता आत आलंय का बघायला. ओ आली नाही. त्यांनी समाधानाने मशीन बंद केलं आणि पेन मिटलं.

मग मी विचारलं, "थोरले, वर का नाही येत तुम्ही?"

"वर अजून रंग चाललाय ना," ते म्हणाले. "वाळला की जाऊ."

तो रंग ऑगस्टमध्ये वाळला.

मी त्यांच्या वहीची मागची पानं उलटली. नोव्हेंबरच्या चार तारखेपासून रोज. रविवार सोडून, दुसरा आणि चौथा शनिवार सोडून, तेरा, चौदा आणि पंधरा मार्च सोडून.

ऑफिसच्या नोंदवहीत आज काही लिहिलं नाही. काय लिहू?

२० मार्च, गुरुवार

शहाणपणा केला आणि तोंडावर पडले.

मी सकाळी साडेनऊला खाली गेले. किल्ली पहारेकऱ्याकडून घेतली, थोरले रोज त्याच्याकडेच ठेवून जातात. त्यांच्या मशीनचा सात काढून एकसष्ट टाकला. एका मिनिटाचं काम. त्यांना कळणार नाही, रिपोर्ट सुरळीत, कोणाचं काही जात नाही. स्वतःवर खूश होत वर आले.

११.१० ला पाटी.

खाली धावले. थोरले कपाळाला आठ्या घालून बसले होते. "कोणीतरी माझ्या नंबराला हात लावला," ते म्हणाले. "एकसष्ट! मी एकसष्ट? केला नीट."

तेवढं त्यांना अजून येतं. दुपारी जेवले की नाही हे विसरतात, डबा उघडून बघतात. पण सात नंबर कोणी हलवला तर वीस मिनिटांत जागेवर आणतात.

वायर काढून टाकावी असं क्षणभर वाटलं. पण मग उद्या ते हजेरी घेतील आणि त्यांच्या पडद्यावर सगळं हॉस्पिटल गैरहजर होईल. साठच्या साठ. ते शोधत बसतील, संध्याकाळपर्यंत, आणि त्यांना काही कळणार नाही. पंधरा दिवस मी तशी बसले होते. ते काय असतं ते मला माहीत आहे.

२१ मार्च, शुक्रवार

वहिनींकडे गेले, दुपारी, थोरले हॉस्पिटलात असताना. त्यांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून विचारलं, "पडले का?"

"नाही, नाही. ठीक आहेत."

मग सांगितलं. त्यांना कोणी परत बोलावलेलं नाही, ते आपणहून येतात, मला परवापर्यंत माहीतच नव्हतं. बोलता बोलता लक्षात आलं, वहिनींनी फोनवर जे जे सांगितलं ते त्यांनी सरळच सांगितलं होतं. मीच वेगळं ऐकत होते.

वहिनी बराच वेळ टेबलावरचं कापड सरळ करत राहिल्या. ते सरळच होतं.

"मला म्हणाले, धाकटीने बोलावलंय, तिला एकटीला जमत नाही," त्या म्हणाल्या. "मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला. घरात ते मला दोनदा 'आपण कोण' म्हणाले होते गं. आणि हॉस्पिटलात जायला लागल्यापासून एकदाही नाही."

मी म्हटलं, सोमवारी मला कारण लेखी द्यायचंय. प्रशासकांना कळलं तर ते खोलीला कुलूप लावतील. नाही कळलं आणि बिघाड राहिला, तर काम कंपनीकडे जाईल आणि कंपनी खोली रिकामी करेल. थिएटरमधल्या बाईबद्दलही सांगितलं. पुन्हा असं झालं तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

"तुला जे करायचं ते कर," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या पोटावर पाय येईल असं करू नकोस. मी सांगेन त्यांना काहीतरी."

काय सांगतील?

त्यांनीही मला विचारलं, "काय सांगू पण?" आणि मग रडल्या. मीपण रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

२३ मार्च, रविवार

एवढं सोपं होतं आणि मला तीन दिवस सुचलं नाही. त्यांचा नंबर हलत नसेल तर माझा हलवावा. रिपोर्टच्या मशीनला एकसष्ट द्यायचा.

सोपं म्हणजे विचार करायला. थोरल्यांच्या रीतीप्रमाणे आमच्याकडे सगळे नंबर हाताने भरलेले आहेत. रिपोर्ट मागवणाऱ्या त्रेचाळीस कॉम्प्युटरांत "सात" लिहिलंय, त्रेचाळीस ठिकाणी जाऊन तिथे "एकसष्ट" करायचं. काल चौथा शनिवार, आज रविवार, दोन्ही दिवस तेच केलं. लहान मुलांच्या वॉर्डात एकीने माझ्या पायाशी बसून प्रत्येक अक्षराला "हे काय" विचारलं. थिएटरमध्ये मला डोक्यापासून पायापर्यंत हिरवं झाकून आत घेतलं. नवरा डबा घेऊन आला आणि तक्त्यावर एकेक खोडत माझ्याबरोबर फिरला. शेवटचं मशीन लॅबबाईंचं. त्या म्हणाल्या, "कारण सापडलं म्हणे?"

"सापडलं. माझी चूक होती."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "धुणाऱ्या मावशी माझ्याच मजल्यावर चहाला येतात," त्या म्हणाल्या आणि मला खुर्ची करून दिली.

२४ मार्च, सोमवार

सकाळी नऊला प्रशासकांना कागद दिला. त्यात लिहिलं: "वापरात असलेला सात क्रमांक रिकामा समजून मी नवीन मशीनला दिला. त्यामुळे एकाच क्रमांकाची दोन मशीन झाली. चूक माझी. दुरुस्त केली आहे."

त्यांनी दोनदा वाचलं. "वापरात असलेलं मशीन कुठलं?"

"जुन्या खोलीतलं. रोज सगळ्या मशीनची हजेरी घेतं."

खोटं नाही बोलले. काय घेतं ते सांगितलं, कोण घेतं ते विचारलं नव्हतं. ते म्हणाले, काम बाहेर जाणार नाही, पण एवढी साधी चूक करणाऱ्याला कायम प्रमुख करता येणार नाही. वर्षभर प्रभारीच राहा. मी हो म्हटलं. वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पण भांडारातल्या चादरींइतकं नाही.

पावणेअकराला थिएटरच्या पडद्यासमोर उभी होते. पावणेअकरा झाले. अकरा झाले. रिपोर्ट येत राहिले.

मग दोन चहा घेऊन खाली गेले. थोरले चाळिसावर होते. मी स्टूल ओढून बसले, पुढच्यांना मी हाका मारल्या, त्यांनी खुणा केल्या. साठ संपले. त्यांनी सवयीप्रमाणे एकसष्टला हाक मारली.

ओ आली.

ते ताठ बसले. "हा कोण?"

"रिपोर्टचं मशीन. नवीन आहे."

"मला न विचारता नंबर दिलास?"

"चुकलं. आता विचारते. एकसष्ट देऊ का?"

त्यांनी विचार केला, खरोखरचा, पेन ओठाला लावून. "दे. पण एक लक्षात ठेव, सात कोणाला द्यायचा नाही. सात माझा. लिहून घे."

मी वही उघडली. ते थोडे झुकले आणि माझ्या अक्षराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, फार मायेने, पाहुण्याकडे बघावं तसं.

"तू नवीन आहेस ना?" ते म्हणाले. "होईल सवय. उद्यापासून पावणेअकराला येत जा."

"येईन," मी म्हटलं.

वर येऊन ऑफिसची नोंदवही काढली. सातच्या ओळीवर मी फासलेल्या काळ्या पट्ट्याखाली थोडी जागा होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: सात. जुनी खोली. हजर.